व्याह्याचं पेट्रोल

अकरा माणसांसमोर रुपचंद पाटलानं हिलालला चोर ठरवलं. हिलालनं माणसं मोजली होती, कारण त्या घटकेला दुसरं काही करायची सोयच नव्हती. केळीच्या वखारीत पाच हमाल, दोन ट्रकवाले, मुनीम, चहावाला आणि दिल्लीकडून माल घ्यायला आलेले दोन व्यापारी. चोर हा शब्द पाटलानं तोंडातून काढला नाही. मोठी माणसं तसला शब्द काढत नाहीत. ती नुसतं विचारतात.

"धुळ्याहून डबे भरून आणतो ते चांगलं पेट्रोल कुठं जिरवतो रे हिलाल? आणि माझ्या गाडीत काय ओततो?"

अकरापैकी एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भानगड अशी होती. तीन वर्षांमागं पाटलानं मुंबईच्या कुण्या परदेशी कंपनीच्या साहेबाची जुनी गाडी घेतली. लांबलचक, पांढरी, दार लावलं तर तिजोरीसारखा आवाज करणारी. जळगावात मेहरूण तळ्याकाठच्या बंगल्यासमोर ती उभी राहिली तेव्हा तळ्यावर फिरायला येणारी माणसं वाट वाकडी करून बघायला आली. पण त्या गाडीचं इंजिन नाजूक खाण्याचं. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत चिठ्ठी डकवलेली होती. हिलाल सातवी नापास, पण ट्रकवर असताना पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं लावायला शिकला होता. त्यानं ती चिठ्ठी अक्षरं लावून वाचली, खात्री व्हावी म्हणून कॉलेजच्या मास्तराकडूनही वाचून घेतली. या गाडीला त्र्याण्णव नंबरचंच पेट्रोल घाला, साधं घालू नका. आणि जळगावात सगळं साधं. सत्त्याऐंशी नंबर. त्र्याण्णव मिळायचं ते धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका पंपावर.

मग सुरू झाला तमाशा. पेट्रोल आणायला गाडी घेऊन धुळ्याला जायचं. जायला-यायला पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे आणलेल्यातलं एवढं पेट्रोल रस्त्यातच फुंकायचं आणि उरलेल्यावर पंधरा दिवस ऐट करायची. पुना मिस्तरीनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "आबा, टायमिंग थोडं मागं घेऊन देतो. मग साधं पेट्रोल चालेल. गाडी जरा सुस्त होईल एवढंच."

"सुस्त गाडी घ्यायची असती तर बैलगाडी नव्हती का माझ्याकडं?" पाटील म्हणाले. विषय संपला.

एवढं करून गाडी नीट ठेवली असती तरी चाललं असतं. पण गाडी नात्यागोत्यात फिरायला लागली. याच्या पोराची वरात, त्याच्या पोरीची पाठवणी, कुणाचा साखरपुडा. आणि आपल्याकडं शेजारणीनं वाटीभर डाळ दिली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. गुळाचा खडा टाकतात, चार दाणे टाकतात, पण रिकामी देत नाहीत. मग एवढी मोठी गाडी रिकामी कशी देणार? जो नेईल तो टाकी भरून परत करायचा. साध्या पेट्रोलनं, आणि वर छाती काढून, "पाटील, तोंडापर्यंत भरलीये बरं का!"

हिलालला वाटायचं, यांनी पेट्रोल चोरलं असतं तर बरं. चोराची मानगूट धरता येते. मान देणाऱ्याची कशी धरायची?

बाकीच्यांना त्यानं हळूहळू थोपवलं. कुणाला टाकी आधीच काठोकाठ भरून दाखवली, कुणाला झाकणाची चावी हरवली म्हणून सांगितलं. थोपवता आलं नाही ते एकच घर. भडगावचं. पाटलाची लेक कुंदा तिथं दिलेली. तिचे सासरे चुडामण नाना म्हणजे गावात वजनदार आसामी. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदाला माहेरी आणायला गाडी जायची, आणि नाना मळ्यातल्या फटफट्यांसाठी घरी ठेवलेल्या पिंपातून टाकी भरून द्यायचे. नाही म्हणायची हिंमत हिलालची नव्हती आणि तसा हुकूमही नव्हता. परतताना चढ आला की इंजिनात कुणी डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजानं हिलालचे दात आंबायचे.

त्यानं पाटलाला सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच वर्षी सांगितलं.

"आबा, भडगावला टाकीत साधं पडतं."

"नाना साधं भरतील?" हिलालनं नानांना भिकारी म्हटल्यासारखे पाटील बघत राहिले. "अरे, त्यांच्या घरी पाहुण्याला साधा भात वाढत नाहीत!"

आता या अकलेला काय म्हणावं? भडगावात ते पेट्रोल मिळतच नाही तर नाना काय विहिरीतून काढतील? पण पाटलाच्या डोक्यात माणूस मोठा म्हणजे त्याचं पेट्रोलही मोठं. यंदा चैत्रात इंजिन बसलं. पुना मिस्तरीनं उघडून पिस्टन हातात दिला. मधोमध भोक. करंगळी आरपार जात होती.

"साध्या पेट्रोलनं ठोकून ठोकून झालंय हे," पुना म्हणाला. "एका दिवसाचं काम नाही."

त्यानंतरचा तो वखारीतला प्रश्न. आणि शेवटी, "आखाजीला कुंदाला आणायला मी स्वतः गाडीत बसतो. बघतो काय ते. मग आखाजीनंतर तू घरी बस."

घरी बसायचं हिलालला फार वाटलं नाही. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस कुठंही चार घास मिळवतो. पण दुसऱ्या दिवशी बायको, वच्छलाबाई, नळावरून घागर न भरताच आली.

"बाया विचारतात, तुमच्याकडं पेट्रोल मिळतं का म्हणे," ती म्हणाली आणि रिकामी घागर आदळून आत गेली.

हे नाव घेऊन तो कुठल्या मालकाच्या दारात उभा राहणार होता? ड्रायव्हरकडं असतं काय? एक लायसन आणि एक नाव. लायसन हरवलं तर अर्ज करून नवीन मिळतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते भडगावला निघाले. नवा पिस्टन टाकलेला, टाकीत अर्ध्याहून जास्त धुळ्याचं पेट्रोल. पाटील मागच्या सीटवर कान टवकारून बसले होते. गाडी अशी गेली की पोटातलं पाणी हललं नाही. एरंडोलच्या पुढं पाटील म्हणाले, "आता कशी चालते? म्हणजे नीट भरलं की नीट चालते."

हिलालनं आरशात बघितलं आणि दात दाबून धरले.

भडगावला ओट्यावर खाट टाकलेली, वर नवी सतरंजी. पाणी झालं, चहा झाला, ऊन किती, केळीला भाव किती, गिरणा नदीला पाणी किती. मग नाना लेकाला अहिराणीत म्हणाले, "जाय रे, पाव्हनासनी गाडी भरी दे."

जावई हिलालपुढं येऊन उभा. "झाकणाची चावी द्या."

हिलालनं चावी दिली नाही. तो पाटलाकडं बघत राहिला. म्हटलं, आता बघा. डोळे आहेत ना? बघा.

"दे रे," पाटील म्हणाले. "जावई मागताहेत ना."

दिली. जावयानं गोठ्याशेजारच्या पिंपातून डबा भरला, टाकीच्या तोंडात नरसाळं लावलं, त्यावर धोतराचा तुकडा गाळायला धरला. एक डबा, दोन डबे, तीन. सगळं पाटलाच्या नाकासमोर, पाच पावलांवर. वास ओट्यापर्यंत येत होता. पाटलांनी ते सगळं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला, आणि मग ते हात जोडून म्हणाले, "कशाला तसदी घेतली नाना!"

इथं हिलालचं डोकं फिरलं.

"नाना," तो ओट्याखालून म्हणाला, "या गाडीला हे पेट्रोल चालत नाही."

गल्लीतली दोन-चार माणसं थांबली. नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय खराबी शे? आमना पेट्रोलमा पानी शे का?"

"पाणी नाही. पेट्रोल चोख आहे. तुमच्या फटफटीला चोख आहे. या गाडीला दुसरं लागतं, धुळ्याला मिळतं ते. तुम्ही तीन वर्षं टाकी भरता आणि तीन वर्षं इंजिन आतून ठोके खातं. मागल्या महिन्यात पिस्टनला भोक पडलं."

नाना पाटलाकडं वळले. "पाव्हना, काय बोली ऱ्हायना हाऊ तुमना डायवर? खरं शे का?"

पाटलानं हिशेब मांडला. एका बाजूला व्याही, दारात उभी लेक, गल्लीत माणसं. दुसऱ्या बाजूला एक ड्रायव्हर. सोपं होतं.

"काही नाही हो नाना. नोकरमाणूस. आपलं झाकायला दुसऱ्याचं नाव घेतो. मनावर घेऊ नका."

हिलाल ओट्याच्या दोन पायऱ्या चढला. गाडीची चावी त्यानं पाटलाच्या मांडीशी, सतरंजीवर ठेवली.

"आबा, गाडी तुमची, पेट्रोल तुमच्या व्याह्यांचं. आता चालवा."

"हिलाल!"

"वखारीत मला चोर केलं तेव्हा मी गप बसलो. म्हटलं डोळ्यांनी बघितलं की बोलतील. बघितलं ना? तीन डबे मोजले मी. तुम्ही नाही मोजले?"

पाटलांना गाडी चालवता येत नव्हती. जावयाला फटफटी यायची. त्या अख्ख्या आळीत ती लांबलचक गाडी हलवू शकेल असा माणूस एकच होता आणि तो बसस्टँडकडं चालायला लागला होता.

"थांबा हिलालभाऊ."

कुंदा दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला, पण आवाज ओढला नाही. "मामंजी, ते खरं बोलतात. दिवाळीला मी गाडीत होते. जळगावहून गाडी दारात आली ती गप आली. इथून निघालो आणि एरंडोलच्या अलीकडंच खडखड सुरू. घरी गेल्यावर मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, सासरची गाऱ्हाणी माहेरी आणू नये."

गल्लीत कुणीतरी फस्सकन हसलं. नाना खाटेवरून उठले. आता सुनेवर ओरडणार असं हिलालला वाटलं. ते पाटलावर ओरडले.

"मी तुमले मान दी ऱ्हायनू, आन् तुमी गपचूप इंजन फोडी ऱ्हायनात? माले कोनी सांगं का नही? मी काय राक्षस शे?"

"तसं नाही नाना, तुम्हाला वाईट वाटलं असतं..."

"आते चांगलं वाटी ऱ्हायनं का माले?"

नानांनी लेकाला हाक मारली, "नळी आन. काढ बठ्ठं!"

"अहो नाना, त्यात खाली धुळ्याचं आहे!" हिलाल धावत परत आला. "आता ते मिसळलं, पण सगळं नका काढू, धुळ्यापर्यंत हळूहळू जाईल गाडी..."

कोण ऐकतो? नाना एकदा मान द्यायला लागले की थांबत नव्हते आणि एकदा काढायला लागले तरी थांबत नव्हते. जावयानं नळी तोंडात धरून ओढली, थुंकला, पेट्रोल डब्यात पडायला लागलं. अर्ध्या तासात आळीतल्या सगळ्या फटफट्या रांगेला. कुणी डबा आणला, कुणी कळशी आणली, एकानं चक्क दुधाची बरणी आणली. धुळ्याहून सांभाळून आणलेलं त्र्याण्णव नंबर खतांची पोती वाहणाऱ्या फटफट्यांच्या पोटात गेलं. गाडी धुतल्या भांड्यासारखी कोरडी झाली आणि दारात उभी राहिली. आता ती सुस्तही जाणार नव्हती.

"आते?" नाना म्हणाले.

"आता काय," हिलाल म्हणाला. त्याला हसावं की कपाळ बडवावं कळेना. "यष्टीनं धुळ्याला जायचं, दोन डबे भरायचे, कंडक्टरच्या शिव्या खात परत यायचं. रात्र होईल."

पाटील खाटेवरून उतरले. पहिल्यांदाच त्यांनी चपला स्वतः शोधल्या. हिलालजवळ आले, आवाज खाली घेतला.

"जाऊन ये. झालं गेलं. माझं जरा चुकलं."

"काय?"

"चुकलं म्हटलं ना."

"हळू नाही आबा. वखारीत हळू बोलला नव्हतात."

पाटलानं इकडंतिकडं पाहिलं. नाना बघत होते. कुंदा बघत होती. कळशीवाला कळशी धरून बघत होता. स्टँडवर धुळ्याच्या गाडीनं एकदा हॉर्न दिला. ती चुकली तर पुढची दोन तासांनी, आणि आखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे मेहरूणला तिची आई सुगंधाबाई घर डोक्यावर घेणार. हिलाल रिकामे डबे हातात धरून उभा होता आणि हलत नव्हता.

"हिलालनं पेट्रोल विकलेलं नाही," पाटील म्हणाले. घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "माझा ड्रायव्हर चोर नाही. मी खोटा आळ घेतला."

दुधाच्या बरणीवाल्यानं शेजाऱ्याला विचारलं, "कोन चोर?" शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

हिलालनं मान हलवली. त्याला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल. कुठला उतरतोय? ही भडगावची गल्ली होती. इथं त्याला कोण ओळखत होतं? नळावरच्या बाया जळगावात होत्या.

"परवा वखारीत परत म्हणायचं," तो म्हणाला. "अकरा जण होते. दिल्लीवाले गेले असतील, ते दोन सोडून देतो. नऊ जणांसमोर म्हणायचं. मग चावी घेतो."

"आणि आज?"

"आज कुंदाताईसाठी चालवतो."

त्यानं डबे खांद्यावर टाकले आणि उन्हातून स्टँडकडं पळत सुटला.