अर्पणविधीआधी

बादलीमावशीची शवपेटी नव्या चर्चच्या आवारात ठेवली होती. आवारात, आत नाही. गाड्या उभ्या करायच्या जागेत दोन टेबलं जोडली होती आणि वर निळी ताडपत्री ताणली होती. ताडपत्रीचं एक टोक सुटून सारखं फडफडत होतं, बाजूला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. पंधरा पावलांवर दरवाजा होता, नवाकोरा, चकचकीत पॉलिशचा, आणि त्याला कुलूप.

त्या कुलपाकडे बघून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती काही केल्या खाली उतरत नव्हती.

थोरली म्हणजे मावशीची मोठी मुलगी. सरकारी इस्पितळात आया होती. तेरा वर्षं ती परक्यांची अंगं पुसत आली होती, जिवंतांची आणि मेलेल्यांचीही. आईचं अंग मात्र बुधवारी सकाळी पहिल्यांदाच पुसलं. गुडघ्यांवर दोन जाड घट्टे होते, एकतीस वर्षांचे. एवढी वर्षं मावशीने चर्चच्या मंडळीच्या जुन्या हॉलची फरशी गुडघ्यांवर बसून पुसली होती. दांड्याच्या पोछ्यावर तिचा विश्वास नव्हता. उभ्याने पुसलं की कोपरे हसतात, असं ती म्हणायची. हातात कायम बादली, म्हणून लहानथोर सगळे तिला बादलीमावशी म्हणत. तिचं खरं नाव चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या वहीत असेल तर असेल.

दोन वर्षांपूर्वी तो हॉल पाडला आणि तिथे ही इमारत उभी राहिली. हॉलला सगळे हॉलच म्हणत, पण हिला मंदिर म्हणायचं असं पंचमंडळाने ठरवलं होतं. येत्या रविवारी बिशप येऊन तिचं अर्पण करणार होते, म्हणजे ती देवाला वाहणार होते. नव्या फरशीवर सांधे भरताना सांडलेला पांढरा थर बसला होता, तो काढायला माणूस लावू असं सगळे म्हणत होते. माणूस काही कुणी लावला नाही. मावशी अडुसष्टाव्या वर्षी आपली बादली घेऊन हजर झाली. तिला कुणी बोलावलंही नव्हतं आणि नको असंही कुणी म्हटलं नाही. आयतं मिळतंय ते कोण सोडतो?

मंगळवारी ती गेली. आवारातल्या नळाजवळ पडलेली सापडली, बादली भरताना हृदय बंद पडलं असणार, असं पंचमंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांनी फोनवर सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी थोरली आणि तिचा धाकटा भाऊ पाळकसाहेबांच्या घरी गेले. मागणं एकच होतं. आईची शेवटची उपासना आत व्हावी, अर्धा तास. पाळक माणूस वाईट नव्हता, पण आपला कणा तो पंचमंडळाच्या सभेला जाताना घरी ठेवून जाई. त्या दिवशी सेक्रेटरीसाहेबच त्याच्या घरी येऊन बसले होते, त्यामुळे घरातही त्याला कणा सापडेना.

"हे बघ मुली," पाळक हळू आवाजात म्हणाला, "मंदिर म्हणजे काही भिंती नव्हेत. आपण माणसंच देवाचं मंदिर आहोत. पवित्र आत्मा आपल्यात राहतो. तुझी आई स्वतःच मंदिर होती. तिला आत ठेवलं काय आणि बाहेर ठेवलं काय, देवाला सारखंच."

"देवाला सारखंच आहे ना? मग आत ठेवू."

पाळकाने सेक्रेटरीसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. निवृत्त होण्याआधी ते कुठल्याशा खात्यात मोठे होते, आणि अर्ज नाकारण्याची सवय अजून गेली नव्हती.

"भावनेच्या भरात बोलू नकोस," ते म्हणाले. "अर्पणाआधी आत प्रेत न्यायचं म्हणजे काय? पहिली उपासना आनंदाची हवी. बायबलातला जुना करार वाच. प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. त्याला पवित्र स्थानाच्या जवळपास फिरकायचीही सोय नव्हती."

"मी रोज शिवते," थोरली म्हणाली. "परवा तीन होते. म्हणजे तेरा वर्षं मी अशुद्धच. मग दर रविवारी माझ्याशी हात कशाला मिळवता?"

"ताई..." भाऊ तिचा हात दाबत म्हणाला. तो एका औषधाच्या दुकानात हिशेबनीस होता आणि मोठ्या आवाजाला जन्मापासून घाबरायचा.

"थांब रे. मला एवढंच कळू दे. ती नुसती फरशी असेल तर विटाळ कसला? आणि विटाळ होण्याइतकी ती पवित्र असेल, तर जिने ती पुसली तिला अर्धा तास का नाही? आम्हाला बाहेर ठेवायचं तेव्हा मंदिर म्हणजे माणसं, आणि फरशी जपायची तेव्हा मंदिर म्हणजे इमारत! दोन्हीकडून ढोलकी बडवू नका, साहेब."

"पंचमंडळाचा ठराव झालाय," साहेब म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

म्हणून गुरुवारी अकरा वाजता ही ताडपत्री.

साठसत्तर माणसं जमली होती. मावशीने ज्यांची पोरं बाकाखालून ओढून बाहेर काढली होती, ज्यांच्या हरवलेल्या छत्र्या वर्षवर्ष सांभाळल्या होत्या, ते सगळे आले होते आणि दरवाजाकडे न बघता उभे होते. मनात कित्येकांच्या होतं, पण सगळे मूग गिळून गप्प होते. सेक्रेटरीसाहेब दरवाजाच्या पायरीवर उभे होते. बाकी सगळे खाली.

पाळकाने पुस्तक उघडलं. आणि त्याने निवडलं काय, तर तेच! आपलं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, आणि आपली ही बहीण म्हणजे देवाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं मंदिर कसं होतं, यावर तो बोलू लागला. बोलत चांगला होता. दोन बायांनी डोळे पुसले. थोरलीला वाटलं, आत्ता पुढे व्हावं आणि ते पुस्तक याच्या हातातून हिसकावून घ्यावं. मंदिर म्हणे! मंदिर टेबलांवर, ताडपत्रीखाली, आणि कुलूप कशाला, तर फरशीला.

तेवढ्यात गोण्यांच्या बाजूने एक माणूस आला. तो फरशी बसवणारा कारागीर होता. मंडळीतला नव्हता, म्हणून कडेकडेने वाट काढत तो भावापाशी पोचला आणि त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं.

"मावशींच्या चपला," तो कुजबुजला. "वेदीच्या पायरीजवळ राहिल्या होत्या. म्हटलं, तुमच्या तुम्हाला द्याव्यात."

कुजबुज थोरलीने ऐकली. आईला इस्पितळात आणलं तेव्हा ती अनवाणी होती, ते तिला चांगलं आठवत होतं. पळापळीत पडल्या असतील, असं तेव्हा वाटलं होतं.

"कुठे राहिल्या होत्या?" ती मोठ्याने म्हणाली. पाळक बोलता बोलता थांबला.

कारागीर गोंधळला. "आत. ओल्या फरशीवर त्या चपला घालून जात नसत ना. काढून ठेवायच्या पायरीपाशी."

"आणि बादली भरायला बाहेर नळावर अनवाणी गेली? त्या खडीवरून?"

कारागीर पायरीवरच्या साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी मान अशी हलवली, की न बोलणाऱ्यालाही बोलावंसं वाटावं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ. कुठे पडली ती?"

"आत," कारागीर म्हणाला. मग त्याला धीर धरवेना. "मी कोपऱ्यातल्या पट्ट्या कापत होतो. पुसता पुसता कलंडल्या त्या. मी ओरडलो, साहेब ऑफिसातून धावत आले. फोन करू म्हटलं, तर म्हणाले, आधी बाहेर. आत गेली असं झालं तर रविवारचं काय? साहेबांनी खांदे धरले, मी पाय धरले."

"श्वास होता?"

"नव्हता, बाई. मी नाकाशी हात धरून बघितलं होतं."

"नाकाशी हात!" थोरलीचा आवाज फाटला. "नाकाशी हात लावून मेलं म्हणायला तू डॉक्टर का? असे आलेले उठून चालत घरी गेलेले बघितलेत मी! बाहेर ठेवलंत, आणि लगेच फोन केलात?"

कारागिराने मान खाली घातली.

"बोल."

"आधी फरशी पुसायला लावली मला. बादली उलटली होती. मग फोन केला."

"किती वेळ गेला?"

"पंधरा मिनिटं. असेल एखादं मिनिट कमी."

थोरलीने पेटीच्या कडेला हात धरला. तिला रडायचं होतं, पण रडू रागाच्या खाली कुठेतरी अडकलं होतं. आई त्या पंधरा मिनिटांत जिवंत होती की नव्हती, हे तिला आता कुणीही सांगू शकणार नव्हतं. जन्मभर कळणार नव्हतं. आणि का, तर फरशी ओली होती म्हणून.

"ती गेलेलीच होती," सेक्रेटरीसाहेब पायरीवरून म्हणाले. "मंडळीच्या भल्यासाठीच केलं मी. अफवा उठल्या असत्या. आणि ही काय जागा आहे हे विषय काढायची?"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. पण थोरलीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पाळकाकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

पाळकाच्या हातातलं पुस्तक मिटलं. "मंगळवारी रात्री कळलं," तो म्हणाला. "मला वाटलं, सांगून आता काय... तुम्हाला आणखी त्रास."

"बुधवारी माझ्यासमोर बसून म्हणालात, तुझी आई मंदिर होती."



"ताई," भाऊ म्हणाला. आता तो तमाशा नको म्हणणार, म्हणून थोरली त्याच्यावरही उसळणार होती. पण त्याने चपला कारागिराच्या हातात परत दिल्या, बाह्या वर केल्या आणि पेटीची पुढची कडी धरली. "धर पलीकडून. आत नेऊ."

मग मागून कुणीतरी आलं, आणखी कुणी आलं. सहा माणसं झाली, आठ झाली. पेटी उचलली गेली तेव्हा सेक्रेटरीसाहेब दरवाजाला पाठ लावून उभे राहिले. "ठराव झालाय! किल्ली मी देणार नाही!" पेटी त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. माणसं थांबली, पण मागे हटली नाहीत. ओझं जड होतं, आणि त्यांचे श्वास साहेबांच्या तोंडावर येत होते.

पाळक पुढे आला. अंगरख्याच्या खिशातून त्याने स्वतःची किल्ली काढली, साहेबांना दंडाला धरून बाजूला केलं आणि कुलूप उघडलं. हे आधी करायचं होतं, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण दार उघडलं आणि समोर पसरलेली ती फरशी दिसली, पांढरी, लख्ख, कोपऱ्यांपर्यंत पुसलेली. वेदीजवळचा एक पट्टा तेवढा धुरकट राहिला होता. तिथपर्यंत आई पोचली नव्हती.

"कुठे?" तिने विचारलं.

कारागीर पुढे गेला आणि त्या धुरकट पट्ट्याच्या कडेला उभा राहिला. पेटी तिथे टेकवली. टेबल नाही, चादर नाही, नुसत्या फरशीवर. माणसं खडीवरच्या धुळीच्या पायांनी आत आली आणि कुणी पाय पुसले नाहीत.

पाळक थोरलीच्या शेजारी येऊन उभा राहिला. अगदी हळू म्हणाला, "रविवारी बिशप येतील. मी त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," थोरली म्हणाली. ती ओरडली नाही, पण कोपऱ्यातल्या माणसालाही ऐकू गेलं. "सांगा, अर्पण मंगळवारीच झालं. देवाचं मंदिर इथे आत पडलं होतं, आणि आम्ही ते हातापायांना धरून बाहेर नेऊन टाकलं, फरशी स्वच्छ राहावी म्हणून."

मग ती पेटीशेजारी खाली बसली. दफनाची वेळ टळून गेली तरी तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.