पंप नावाचं फोल्डर

तोंडाळ भावजयीला दीर मुका मिळाला, असं आमच्या भावकीतल्या बाया माझ्या माघारी म्हणत्यात. म्हणू द्या. लखन मुका न्हाई, त्याची जीभ अडती. 'स' आला, 'म' आला की शब्द तोंडातच रुततो. मग मान हलती, डोळे मिटत्यात, आन समोरचा माणूस उगंच दुसरीकडं बघायला लागतो. मला ते बघवत न्हाई. म्हणून मी ह्या घरात आले तवापासून त्याच्या वाटचं मीच बोलत आले. शाळेत मी, बँकेत मी, त्यानं दुरुस्त केलेल्या पाण्याच्या मोटारीबद्दल कुणी तक्रार घेऊन आलं तर दारात बी मीच.

धारूरकडून हनुमानआप्पांच्या धाकट्या पोरीची, सुकन्याची सोयरीक आली, तवा बी मीच बोलले. आप्पांनी विचारलं, पोरगं बोलत कावून न्हाई? म्हणलं, सोभावच अबोल हाय, मोठ्यांपुढं वर मान करत न्हाई. लखनला आदल्या दिशीच बजावलं व्हतं, तू नुसती मान हलव, बाकी माझ्यावर सोड. साखरपुडा बी तसाच निभावला. सुकन्याचा फोन आला की त्यो उचलायचा न्हाई, मागून मेसेज लिहायचा. माझं म्हणणं येवढंच, एकदा अक्षता पडू द्या, मग काय ते कळंल. जगाची लग्नं अशीच व्हत्यात.

आज बीडात बस्ता झाला. दोन्ही घरचे कपडे एकाच दुकानात घेऊन आप्पा आन त्यांची थोरली पोरगी संगीता आमच्याकडं तेलगावला जेवायला आले. नवरी लग्नाआधी सासरचा उंबरा चढत न्हाई, म्हणून सुकन्या दुकानातूनच घरी गेलती. आमचे मालक तिकडूनच पत्रिका आणायला माजलगावला गेलते. जेवणं झाली, आप्पा सुपारी कातरत बसले, आन संगीता म्हणली, साखरपुड्याचा व्हिडिओ बघू की.

फोटोवाल्यानं लिंक पाठवलेली व्हती. माझी पोरगी स्वप्ना बारावीला हाय, तिच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर भाईरच्याच खोलीत असतो. तिनं डाऊनलोडला लावलं तर जागा शिल्लक न्हाई म्हणून पाटी आली. स्वप्नानं रिसायकल बिन रिकामं केलं, आपली जुनी लेक्चरं उडवली, दोन-तीन पिक्चर उडवले. तरी तेच. मग तिनं कशानं किती जागा खाल्ली ते लावून बघितलं, तर सगळ्यात वर 'पंप' नावाचं फोल्डर. निम्मा कॉम्प्युटर त्यानंच खाल्लेला.

पंपाला एवढी जागा लागती व्हय, म्हणून संगीता हसली. लखन पाण्याचा तांब्या घेऊन दारात व्हता. तांब्या तसाच खाली ठेवून त्यो पुढं आला आन स्वप्नाच्या हातातला माऊस घ्यायला लागला. "न... न..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मी लगेच म्हणलं, काही न्हाई, दुरुस्तीचे व्हिडिओ असत्यात त्याचे. पण मी त्याचं तोंड बघितलं. कानापर्यंत लाल झालता. अगं बाई, म्हणलं, तसलं काही तर न्हाई ना ठेवलं ह्यानं?

आप्पांच्या बी मनात तेच आलं असणार. अडकित्ता खाली ठेवून ते हळूच म्हणाले, काही असलं तर आताच कळल्यालं बरं. झालं, माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी मी एवढं तोंड झिजवलं त्यानं पाव्हण्यांच्या देखत माझं नाक कापावं? मी म्हणलं, "लाव गं स्वप्ना. आमच्या घरात झाकून ठेवावं असं काही न्हाई." लखननं माझा हात धरला. मी ह्या घरात आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच धरला असंल. मी त्यो झिडकारला, आन वरून म्हणलं, वंगाळ निघालं तर सगळ्यांच्या देखत कान धरीन.

स्वप्नानं लावलं. आमचाच शेळ्यांचा गोठा. लखन भांग पाडून, सदऱ्याची वरची गुंडी लावून उभा. फोन कुठंतरी टेकवलेला, मागं शेळी चारा खाती.

"स... सु... सु..."

पुढं सरंना. मान हलली, डोळे मिटले. त्यानं तोंड पुसलं आन पहिल्यापासून सुरू केलं. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा मळा, सुकन्याचं नाव घेताना दाटतो माझा गळा. लग्नात घ्यायचा उखाणा. ह्या दोन ओळींना किती येळ लागला ते सांगवत न्हाई. नावापाशी आला की थांबायचा. असे शे-दीडशे व्हिडिओ. एक बी उडवलेला न्हाई. जुना आन नवा ताडून आपण सुधारलो का, ते बघत असणार बिचारा.

मी म्हणलं, बंद कर. कुणी ऐकलं न्हाई. संगीता म्हणली, शेवटचा लाव. स्वप्नानं माझ्याकडं न बघता शेवटचा लावला. ह्यात उखाणा नव्हता. लखन नुसता बोलत व्हता, एकेक शब्द ओढून काढत.

"सुकन्या, माझी... जीभ अडती. तुमाला कु... कुणी सांगितलं नसंल, म्हणून म... मी सांगतो. मी अबोल न्हाई. मला... लई बोलायचं हाय."

मला वाटलं जमीन दुभंगावी आन मी आत जावं. अबोल हा शब्द माझा. मीच त्यो त्याच्या कपाळाला चिटकवलेला, आन ते पोरगं गोठ्यात उभं राहून त्यो खरडून काढत व्हतं. एवढी वर्षं मला वाटायचं, मी त्याला लाजेपासून वाचवती. अन् लाज कुणाला वाटत व्हती? मलाच. बाजारात, पाव्हण्यांत, त्याची मान हलायला लागली की मलाच चारचौघांत मेल्याहून मेल्यागत व्हायचं.

आप्पांनी उपरणं सारखं केलं. ते तापट माणूस न्हाईत, पण आवाज बदलला व्हता. म्हणाले, "जीभ अडती त्याचं काही न्हाई. पण हे आमच्यापासून दडवायचं कुणी ठरवलं?"

संगीतानं माझ्याकडं बघितलं. बोलणी मी केलेली, हे तिला ठाऊक. स्वप्नाला तर सगळंच ठाऊक. उभ्या जल्मात माझी जीभ कधी टाळ्याला चिकटली न्हाई, ती तवा चिकटली. मी पदराचं टोक पिळत बसले.

लखन बोलला. मान हलली, डोळे मिटले, आन त्याला मधी तोडायला कुणी नव्हतं.

"म... म... म्या. वहिनी म... म्हणत व्हती, सांगू. म्याच न... नको म्हणलं."

स्वप्नानं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आन मिटलं. मी अजून बी सांगू शकले असते. मी सांगितलं न्हाई.

आप्पा लखनकडं वळले. मग म्हणाले, चुकी झाली तर झाली, पण जावईबापू, आता पोरीला हे तुमीच सांगायचं. ती न्हाई म्हणली तर बस्ता परत करू, हो म्हणली तर आमची ना न्हाई. संगीतानं तिथंच फोन लावून लखनच्या हातात दिला. त्यो अंगणात गेला. भाईरून त्याचा आवाज येत व्हता. अडायचा, थांबायचा, परत सुरू व्हायचा. त्यानं फोन ठेवला न्हाई. तिनं बी ठेवला नसणार. लई येळानं लखन हसला. एवढा मोकळा हसलेला मी त्याला ऐकला न्हाई कधी. संगीतानं डोळे पुसले, म्हणली, जमलं आप्पा.

स्वप्ना पाठमोरी बसून फोल्डरकडं बघत व्हती. उडवू का राहू देऊ, तिनं मला विचारलं न्हाई.

मग आप्पा उठले. मला वाटलं निघायचं म्हणत्यात. पण ते माझ्यापुढं आले, अन् त्या माणसानं हात जोडले. म्हणाले, "सत्यभामाबाई, माझ्या मनात आलतं की हे तुमीच दडवलं. तुमच्यासारख्या बाईवर संशय घेतला, मला माफ करा."

लखन अजून भाईरच व्हता. मी डोक्यावरचा पदर नीट केला.

"असू द्या, आप्पा," मी म्हणलं. "माणसाच्या मनात येतंच."