वाकणारी सुरी

रविवारी सकाळी वीज गेली आणि वडगावातले सगळे माग एकदम गप्प झाले. त्या शांततेत मागच्या परड्यातून आवाज आला. स्स्स्, स्स्स्. पूर्णिमाची थोरली जाऊ मंगल दगडी पायरीवर सुरीला धार लावत होती.

पूर्णिमाच्या मांडीवर बसून ससोबाची गोष्ट ऐकणारी तिची लेक ऋतिका ताडकन उठली. चार वर्षांची पोर, पण तो आवाज म्हणजे बांगडा हे तिला पक्कं ठाऊक. “मोठीआई, मी आले,” करत ती दाराबाहेर पळाली. ससोबा तिथंच विहिरीच्या काठावर राहिला आणि पूर्णिमा पुस्तक हातात धरून बसून राहिली.

चुलत्याच्या बायकोला मोठीआई म्हणायची त्या घरात रीतच होती. पोरीला कुणी काही वावगं शिकवलं नव्हतं. तरी पूर्णिमाला ते दर वेळी टोचायचं. आपण नुसती आई, आणि ती मोठी!

घर एकच, मधे भिंत घालून दोन स्वयंपाकघरं केलेली, परडं सामाईक. पूर्णिमा साडेनऊला शहापुरातल्या पतसंस्थेत जायची ती साडेसहाला यायची. तोवर ऋतिका मंगलकडे. मंगलची दोन्ही मुलं शिकायला पुण्याला, त्यामुळं तिलाही घरात पोर हवंच होतं. याबद्दल जावेचे उपकार मानायला हवेत हे पूर्णिमाला कळत होतं, आणि सकाळी डबा भरताना ती ते मनापासून मानायचीही. संध्याकाळी परत आल्यावर पोर मंगलच्या पदराआडून “आत्ताच कशाला आलीस?” म्हणाली, की सकाळचं सगळं पुसून जायचं.

त्यातून हे माशाचं. मंगल लोंढ्याची, बाप रेल्वेत. गोव्याकडून येणाऱ्या गाडीतला मासा तिच्या दारात भाजीच्या आधी पोचायचा. बांगड्याच्या कल्ल्यामागं ती तिरकी चीर द्यायची, पातं आडवं करून मधल्या काट्यावर टेकवायची आणि एका ओढीत शेपटीपर्यंत यायची. मासा उलटा करून पुन्हा तसंच. दोन फाका मोकळ्या आणि मधे काट्यांची नुसती फणी. मग ऋतिका गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्यासारखी बसायची आणि भाताबरोबर आख्खा बांगडा संपवायची.

पूर्णिमानं एकदा विळीवर तुकडे करून कालवण केलं होतं. पोरीनं दुसरा घास ताटात थुंकला. “तुझा मासा टोचतोय,” म्हणाली. पूर्णिमाचा नवरा रविराज त्यावर हसला होता. ते हसू ती अजून विसरली नव्हती.

शेवटी तिनं मनावर धोंडा ठेवून मंगललाच विचारलं, की आक्का, असली सुरी घ्यायची तर काय बघून घ्यायची.

मंगलनं हात धुतले. “लांबीला वीतभर, अंगानं बारीक. टोक दाबलं की पात्याला वाक आला पायजे बघ. ताठ असंल तर घेऊच नको.” मग स्वतःची सुरी फरशीवर ठेवून ती पूर्णिमाकडं सरकवत म्हणाली, “हातात देत न्हाय गं, भांडाण नको आपल्यात. ही ने की, हीच वापर.”

पूर्णिमानं सुरी उचलली नाही. राहू दे म्हणाली आणि घरात आली.

वाकणारी सुरी ही कसली सुरी? निपाणीला माहेरी रविवार म्हणजे मटण. तिच्या वडिलांची, आप्पांची सुरी अशी ताठ, की नळीवर आदळली तरी हलायची नाही. पातं वाकलं की आप्पा ते भंगारात टाकायचे. तिला वाटलं, आक्का मुद्दाम उलटं सांगतीय. मांडीवर येऊन बसणारं पोर कोण आपण होऊन सोडतंय? रविराजला तिनं हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, एका सुरीपायी एवढं कशाला, आक्काचीच घे. त्यानंतर तर तिला दुकानात जाण्यावाचून इलाजच उरला नाही.

बाजारातल्या यल्लाप्पाच्या दुकानात तिनं सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत ताठ सुरी निवडली. कशाला पाहिजे म्हणून यल्लाप्पानं विचारलं, तर ती मटणाला म्हणून मोकळी झाली. आणखी एक सल्ला तिला ऐकायचा नव्हता.

पुढच्या रविवारी ते ताठ पातं काट्यावरून घसरलं, मधेच मांसात रुतलं. निम्मा बांगडा काट्याला चिकटून राहिला आणि उरल्याचा लगदा झाला. तिनं बोटांनी चाचपून, डोळे ताणून, काटे वेचले. तरी तिसऱ्या घासाला ऋतिका खोकली, लाल झाली आणि रडत परड्यातून पलीकडं पळाली. मंगलनं तिला कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला, पाठीवरून हात फिरवला. पूर्णिमा मागोमाग गेली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मंगल एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात पूर्णिमाला सारखी आपली आई आठवत होती. विड्या वळायला बसायच्या आधी आई पानं कापायची, आणि त्यासाठी कात्री घ्यायला बाजारात जाताना पदरात एक ओलं पान बांधून न्यायची. दुकानदार जाडजूड कात्री पुढं करायचा, आई ती बाजूला सारायची. जड कात्री पान दाबतीया, म्हणायची. पान कापता कापता पूर्णिमाचा हातही हलका झाला होता. मासा हातात आल्यावर तो हात आपण आप्पांच्या सुरीमागं कसा विसरलो, याचं तिला नवल वाटलं.

शनिवारी ती पुन्हा यल्लाप्पाकडं गेली. या वेळी मासा म्हणून सांगितलं. त्यानं एक बारकी, सडपातळ सुरी काढून दिली. तिनं टोक लाकडी फळीवर दाबलं. पातं नाजूक वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं.

आक्कानं खरंच सांगितलं होतं. पूर्णिमाला त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण उलट ती आणखीच चिडली. आक्का खोटं बोलली असती तर किती सोपं झालं असतं.

रविवारी मासेवाला भरमू स्कूटरवर बर्फाची पेटी घेऊन आला तेव्हा तिनं चार बांगडे घेतले, मंगलनं दोन. पूर्णिमानं परड्याकडचं दार लावून घेतलं. पहिला मासा फसला. दुसऱ्याला पातं काट्याच्या अंगानं वळायला लागलं. तिसऱ्याला तिनं जोर द्यायचाच सोडला, पान कापतात तसा नुसता हात ओढला, आणि फाक सुटून आली. मधली फणी तिनं उजेडात धरली, तर तीतून खिडकीचे गज दिसत होते. उरलेले बारके काटे बोटानं उलटं चाचपून तिनं एकेक उपटले.

ऋतिकानं पहिला घास जिभेवर बराच वेळ फिरवला. “आई, टोचत न्हाय,” म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.

मग पूर्णिमानं उठून परड्याकडचं दार सताड उघडलं. वारा यावा म्हणून, असं तिनं स्वतःलाच सांगितलं. खरं तर कुणीतरी बघावं असं तिला वाटत होतं.

आणि मंगलनं बघितलं. झाकलेली बशी घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली होती. ताट बघितलं, फळीवरची नवी सुरी बघितली. “जेवली व्हय?” म्हणाली. मग, “बरं झालं गं. हलका हाय तुझा हात.” पूर्णिमा या म्हणाली, बसा म्हणाली, पण मंगलला चुलीवर काहीतरी असल्याचं आठवलं. झाकण न उघडताच ती बशी घेऊन माघारी गेली. पलीकडचं दार हळूच लागलं.

ऋतिका त्या दाराकडं बघत राहिली. पूर्णिमानं पुढचा घास तिच्या तोंडाजवळ नेला. पोरीनं मान मागं घेतली.

“आई, आता मोठीआईनं कुणाचे काटे काढायचे?”