तुन्या हातनी भाकर

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत उतरलं, की पाठोपाठ फाटकाची कडी दोनदा वाजायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या खमंग वासात लीलाअक्कांचा धुवट पांढरा फडका उघडायचा. साठी उलटलेल्या, सावळ्या, सडपातळ. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि मागण्यासाठी हात कधी पुढे आला नाही. सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्या घरोघरच्या दोन-दोन भाकरी गोळा करत. आधी घोटभर पाणी मागत, ओट्यावर टेकत आणि तांब्या खाली ठेवता ठेवता सहज म्हणत, "माय, तुन्या हातनी भाकर तठे बठ्ठा लोके इचारतस."

तिथले सगळे माझ्या हातची भाकरी विचारतात, या वाक्यानं मी विरघळत असे, आणि विरघळले म्हणून स्वतःवर चिडतही असे. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या भाकरीला घरात कुणी बरं म्हटलं नव्हतं. मग परक्यांना ती नेमकी कशी आठवते? मी जात्याच संशयी. गोड बोलणाऱ्याच्या पिशवीत आधी डोकावून पाहावं, असा माझा स्वभाव. अक्का भाकरी आपल्या म्हशीला घालत असतील, असंही मनात येऊन गेलं. तरी तवा उतरवण्याआधी दोन भाकरी जास्तीच्या थापल्या जातच.

एका चैत्री सकाळी रिक्षा करून मी त्यांच्या मागोमाग गेले. दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली फडका पसरला होता. सात घरांच्या भाकरी एकावर एक, एकमेकींच्या वाफेनं ओलावलेल्या. अक्का वरची उचलत, तिच्यावर बोटभर ठेचा ठेवत आणि समोरच्या हातावर देत. म्हैस नव्हती, लबाडी नव्हती. पण कुठली भाकरी कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

परतताना मला आनंदच झाला, हे कबूल करते. खोटं पकडलं होतं ना! दुपारी गल्लीतल्या बायकांना सांगितलं, तर तेच वाक्य सातही घरांत मुरलेलं, आणि प्रत्येकीला ते फक्त आपलंच वाटत आलेलं. आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता प्रत्येकीला थोडं लागलंही असावं.

दुसऱ्या दिवसापासून कुणाचं पीठ संपलेलं, कुणाचा गॅस. अक्कांच्या कानावर सगळं गेलं असणार. त्या शेवटच्या आल्या तेव्हा पाणी मागितलं नाही, ओट्यावर टेकल्या नाहीत, उन्हात उभ्या राहूनच म्हणाल्या, "दोन भाकरी दे वं माय. तठे लोकेस्ले भूक लागेल शे." इतकं उघडं, इतकं खरं त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या खऱ्या वाक्याला सातांपैकी दोनच दारं उघडली. एक माझं होतं, पण भाकरी देताना मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. नंतर त्या आल्याच नाहीत. धुळ्याला लेकीकडे गेल्या म्हणतात.

आता माझ्या दोन भाकरी मीच नेऊन देते. भुकेला हात पुढे येतो, घेतो. भाकरी कुणाची, हे कुणीच विचारत नाही. रोज निघण्याआधी ऊन ओट्यावर येतं, अक्का टेकायच्या तेवढी जागा उजळतं आणि पुढे सरकतं. मी मात्र कडीकडे कान लावून थांबून राहते, कुणीतरी यावं आणि माझ्याशी पुन्हा तेवढं एक खोटं बोलावं म्हणून.