अंबुबाईंचे गुडघे

"राणीच्या बागेतलं म्युझियम, न्हाईतर ते घुमटाचं. एक काय ते ठरव," ज्योतीराम म्हणाला. "दोन्ही बघत बसलो तर मुंबईतच मुक्काम पडंल."

सुमन सुपात तांदूळ निवडत होती. "त्यापेक्षा मत्स्यालय बघू या ना. चौपाटीच्या रस्त्यावर झालंय म्हणे."

"मासे? आन् आयेला? रोज पवनेवर धुणं धुती ती. मासे वळखत्यात तिला!"

अंबुबाई उंबऱ्याशी बसून उद्याची पिशवी भरत होत्या. "रस्सा बी देत्यात का रं तितं?" त्यांनी विचारलं. मायलेक हसले. सुमनला हसू आलं नाही.

"बीएस्सी झालेली तू, औषधाच्या कारखान्यात लॅबला. तुलाच म्युझियम का नको?" ज्योतीरामने तिला विचारलं.

"जिने फार असतात तिथं. आत्यांचे गुडघे..."

गुडघ्यांचं तिला तेवढ्यातच सुचलं होतं. मागच्या दिवाळीत ती सासूला पुण्यातलं एक संग्रहालय दाखवायला घेऊन गेली होती. अंबुबाईंनी दाराशीच वहाणा काढल्या. आत दगडाची देवी दिसली, तसा कनवटीचा करंडा उघडून त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पहारेकरी ओरडत आला. "कुणाबरोबर आलीस गं, बाई?"

लोक हसले. त्यांत सुमनची कॉलेजातली मैत्रीण होती. सुमन शेजारच्या फुलपाखरांच्या कपाटाकडे वळली आणि खाली वाकून नावं वाचू लागली. काचेत तिला अंबुबाई दिसल्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"एकलीच हाय, बाबा," त्या म्हणाल्या.

पहारेकऱ्याने ओल्या फडक्याने देवीचं कपाळ पुसलं. घरी आल्यावर दोघींपैकी कुणी त्याचा शब्द काढला नाही.

"आये, गुडघे कवापासनं दुखाया लागले तुझे?" ज्योतीरामने विचारलं.

सुमनचा हात सुपातच थांबला.

"लई दिस झालं," अंबुबाई म्हणाल्या. "तुला कशाचं ठावं असतंय? सुनेला हाय ठावं. मासंच बघू."

"बरं बाई, मासे तर मासे." तो सायकल पुसायला अंगणात गेला.

अंबुबाईंनी पिशवीतून करंडा बाहेर काढला. कुठेही हात न टेकता त्या उठल्या आणि तो कोनाड्यात ठेवला. मग रिकामी घागर कमरेवर घेतली.

"आत्या, पाण्याला मी जाते."

"बस गं. तुजं तांदूळ व्हऊ दे."

सुमन सूप हातात धरून दारापर्यंत आली. अंबुबाई तरातरा पायऱ्या उतरल्या. ज्योतीरामसमोर पोचल्यावर मात्र त्यांनी गुडघ्यावर एक हात ठेवला, आणि लंगडत लंगडत त्या नदीकडे निघाल्या.