मागची गादी

अकोल्यात स्टेशनाजवळ माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गाडीच्या बाबतीत या गोवर्धनचा सल्ला चुकत नाही, असा मला माज होता. १९५८ साली बार्शीटाकळीहून देवमनभाऊ गाडी घ्यायला आले, तेव्हा माझ्याकडे दोन होत्या. एक लष्कराच्या लिलावातली, मागचं चाक थेट चेसीला आवळलेलं. दुसरी नव्या धाटणीची, मागच्या चाकाला दोन्हीकडून शॉकअप.

त्यांची बायको मनकर्णा सात मैलांवरच्या खेड्यात मास्तरीण झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीतून नोकरीला लागलेली ती पहिली बाई. तिला रोज शाळेत पोचवायला गाडी हवी होती.

मी दोन्ही गाड्या कच्च्या रस्त्यानं फिरवून आणल्या. तिथं काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. शॉकअपवाली मागून डुलत होती. चार पावसाळ्यांत हिचे सांधे ढिले होणार, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. लष्करवालीची चेसी एकसंध, सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. मला एकही धक्का जाणवला नाही.

"हीच घ्या भाऊ," मी म्हणालो. "जन्मभर मोडत नाही."

खरंच मोडली नाही. चार वर्षांनी देवमनभाऊ तीच गाडी घेऊन दुकानात आले.

"विकून टाका," ते म्हणाले.

"कावून? बिघडली का?"

"गाडी चांगली हाये. मनकर्णाचा मनका दबला. पायातला जीव गेला. डाक्टर म्हनते, रोजच्या धक्क्यायनं झालं. आता उठून बसताबी येत नाही तिले. शाळेनं दुसरी बाई ठेवली."

"मी गाडी पाहूनच देली होती," मी तडकून म्हणालो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. "चला, तुमी चालवा. मी मागं बसतो."

बायका बसतात तसा दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलो. स्प्रिंगा देवमनभाऊंच्या खाली. माझ्याखाली मडगार्डवर आवळलेली टीचभर रबरी गादी. गाडी चाकोरीत उतरली आणि कमरेतली कळ मस्तकात गेली. फर्लांगभरातच मी त्यांच्या पाठीवर गुद्दे मारून गाडी थांबवली.

दोन्ही गाड्या मी चालवून पाहिल्या होत्या, मागं बसून एकही नाही. देवमनभाऊसुद्धा चार वर्षं पुढंच बसले होते. मला स्वतःची किळस आली.

"बाईनं कधीच सांगितलं नाही?" मी विचारलं.

"गावातून जाताना लोकं ओट्यावर बसून पाहेत," ते म्हणाले. "तिथं ती पाठ वाकवे नाही. मले म्हने, गाडी हळू नका करू, जाऊ द्या अशीच."

त्यांनी मागच्या गादीवर हात ठेवला.

"मले वाटे, तिले मजा येऊन राहिली."