पहिल्या मानाचा प्लॉट

होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं, दरबार उठला. आमच्या लोकांच्या डोक्यातून मात्र तो काही उठला नाही. इंदुरात अन्नपूर्णेच्या देवळापलीकडच्या शेतांत आम्ही जुन्या सरकारी नोकरांनी कॉलनी वसवली, तेव्हा प्लॉट वाटले ते दरबारात बसायच्या क्रमाने. दौलतराव एकेकाळचे बडे कामदार, म्हणजे दरबारी अधिकारी, म्हणून शहराकडचा पहिला प्लॉट त्यांचा. शेवटचा, टेकाडावरचा, शशिकलाबाईंचा. त्या विधवा, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. जुन्या इंदुरातल्या भाड्याच्या खोलीतून एकदाचं सुटावं, एवढीच त्यांची इच्छा.

मान बघण्याच्या नादात जमीन कुणी बघितलीच नाही. खाली पावसात फुगणारी काळी माती, टेकाडावर टणक मुरूम. दोन पावसाळ्यांत दौलतरावांच्या बंगल्याला हात जाईल अशा भेगा पडल्या. बाईंच्या भिंती ताठ उभ्या होत्या आणि एका खोलीवर पत्रेही चढले होते.

लगेच दौलतरावांना साक्षात्कार झाला, की मानाची जागा उंचावरच असते.

"एक्सचेंज करून टाकू, बाई," ते म्हणाले. "बना-बनाया बंगला मिळतोय तुम्हाला, और क्या चाहिए?"

त्यासाठी रविवारी संध्याकाळी सोसायटीची बैठक ठरली. ठराव पास होणार हे उघड होतं. मुजरे करून करून आमच्या मंडळींचा कणाच वाकलेला. विरोधात बोलणार कोण? किळस यायची मला या माणसांची.

शशिकलाबाईंनी भांडण केलं नाही. त्याच रविवारी सकाळी त्यांनी वास्तुशांत काढली. त्यांचा भाऊ शरद आणि वहिनी पूजेला बसले, खोलीच्या कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरला, आणि सगळ्या कॉलनीला जेवायला बोलावलं. दौलतराव सर्वांच्या आधी हजर. पहिल्या पाटावर दुसरा कुणी बसला असता तर!

श्रीखंड त्यांनी दोनदा मागून घेतलं. मग बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"दौलतरावजी, पंगतीत मोठे तुम्हीच. घराला आशीर्वाद द्या नं."

सगळी पंगत बघत होती. शेजारी भटजी. दौलतरावांनी घास गिळला.

"सुखाने नांदा," ते पुटपुटले.

विधवेचं घर लाटताना या लोकांना लाज वाटली नसती. पण पुरलेला वास्तुपुरुष उकरायचा म्हटल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते. तेही भरपेट जेवून, तोंडाने आशीर्वाद देऊन झाल्यावर! दौलतराव हात धुऊन गुपचूप चपला शोधू लागले.

"संध्याकाळची बैठक इथेच घेऊ या," बाई मोठ्याने म्हणाल्या. "आता घर आहे माझं."